सरांच्या दुर्बिणीला माउंट घेताना

चष्म्याच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत. लोक तुटकी फ्रेम टाकून जातात, "उद्या नेतो" म्हणतात आणि वर्षभर फिरकत नाहीत. माझ्या ड्रॉवरमध्ये अशा चाळीसेक फ्रेम पडून आहेत. किस्स्यांचंही तसंच. कोणीतरी स्टुलावर बसून सांगून जातो आणि ते माझ्याकडेच राहतात. महाडच्या बाजारपेठेत बसून मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्याच भानगडी साठवल्या, पण आज सांगतोय ते किस्से आमचे आहेत. जाधव सर, शशी, भाऊ आणि मी, अशा चौघांचे.

पूर्वी हे आम्ही हसत हसत सांगायचो. सगळ्यात मोठ्यानं सर हसायचे. आता सांगताना मी मध्येच चष्मा पुसायला थांबतो, तेवढं सांभाळून घ्या.

जाधव सर पोलादपूरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. आम्ही तिघं त्यांचे विद्यार्थी, एकाच बाकावरचे. मी चष्मे विकायला लागलो, शशीनं फॅब्रिकेशनची शेड टाकली, भाऊ आंबेनळीच्या रस्त्याला आपली शेती बघत राहिला. तिघांत मिळून विज्ञानात एकदाही साठच्या वर मार्क नाहीत. तरी सरांनी दुर्बिणीसाठी आम्हालाच धरलं.

•

निवृत्त झाल्यावर सरांनी दुर्बिणीचा बारा इंची आरसा स्वतः घासला. बौद्धवाडीत विहाराच्या मागच्या पडवीत पत्र्याचा ड्रम उभा केला, त्यावर जाड काच ठेवली आणि पावडर-पाणी घालून दुसऱ्या काचेनं घासत ड्रमभोवती फिरत राहिले. रोज सकाळी दोन तास. दोन वर्षं!

वाडीतल्या एका आजीला राहवेना. "सर, रोज ड्रमाला फेऱ्या घालताव. काय पावला का न्हाय तुमचा ड्रम?"

सर म्हणाले, "अजून नाही, आजी. केसाच्या शंभराव्या भागाएवढं राहिलंय!"

आरसा झाला. मग नळी करायला शशीला सांगितलं. "हलकी कर रे," असं सरांनी चारदा बजावलं. शशी जन्मभर गेट, ग्रिल आणि पाण्याच्या टाक्यांचे स्टँड करत आलेला माणूस. त्याच्या हातून हलकं काही होतच नाही. आरशासकट नळी पस्तीस किलोची भरली! वर हा छाती पुढे काढून सांगतो, "सर, वादळात पण हलणार नाय!"

सरांनी नळीभोवती एक चक्कर मारली. "शशी, मी दुर्बीण सांगितली होती. तू तोफ दिलीस."

तेव्हापासून तिचं नाव तोफ. लाकडी खोक्यात बसवायची आणि हातानं ढकलत आकाश बघायचं. शनीची कडी मी त्या तोफेतून पहिल्यांदा पाहिली आणि खरं सांगतो, मला वाटलं सरांनी आत चित्र चिकटवलंय.

•

सरांचे डोळे बिघडले हे घरात कोणाला कळण्याआधी मला कळलं. याचा मला अजून राग येतो. आपल्या माणसाचं असं काही आपल्याच दुकानात कळू नये.

सर चष्म्याचा नंबर वाढवायला आले होते. मी एक डोळा झाकला, समोरचा तक्ता वाचायला सांगितलं. सरांनी वाचला. चार ओळी बिनचूक. पण वाचताना त्यांची नजर तक्त्यावर नव्हती, शेजारच्या कॅलेंडरवर होती!

"सर, तक्त्याकडे बघा ना."

"तक्त्याकडे बघितलं की तक्ता दिसत नाही रे."

आकाशातली अंधुक वस्तू बघताना नजर जरा बाजूला ठेवायची, ती सरळ बघितली तर नाहीशी होते, हे सरांनीच आम्हाला शिकवलेलं. मी चौकोनांचा कागद काढून त्यांच्यापुढे धरला. मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं आणि काय दिसतं विचारलं.

"कडेचे चौकोन आहेत. मधले कोणी नेले?" सर म्हणाले. "तिथे काळा डाग आहे नुसता."

पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. पडद्याचा मधला भाग झिजतोय, गेलं ते येणार नाही, आहे ते जपू, असं त्यांनी सांगितलं. दोन्ही डोळ्यांत तेच, एकात जास्त, एकात कमी. किती दिवस जपलं जाईल हे काही त्यांना सांगता आलं नाही. परतताना गाडीत सर म्हणाले, "तीस वर्षं पोरांना सांगितलं, तिरकं बघा. आता मला सक्तीच झाली!"

आम्ही कोणी हसलो नाही. पोलादपूरला उतरताना सर म्हणाले, "आरसा चांगला झाला होता रे. काय काय दाखवतो ते बघायचं राहिलं."

•

युक्ती माझीच होती. दुर्बिणीच्या भोकातून सरांना दिसणार नाही, पण त्याच आरशातून फोटो काढून मोठ्या टीव्हीवर लावला, झगझगीत केला, तर दिसेल की! निदान दुसरा डोळा टिकतोय तोवर.

पण फोटोला लागतो माउंट. म्हणजे दुर्बीण जिच्यावर बसते ती यंत्राची मान. पृथ्वी फिरते, तारे सरकतात, म्हणून त्या मानेचा कणा ध्रुवताऱ्याकडे रोखायचा आणि मोटरनं ताऱ्यांच्या वेगानं दुर्बीण फिरवत ठेवायची. तास तास. केसभर चुकली तरी तारा ठिपका न येता रेघ येते. हलक्या दुर्बिणीला हलका माउंट मिळतो. तोफेला कोण देणार?

"विकत कशाला?" शशी म्हणाला. "मी बनवतो."

कशेडी घाटात पलटी झालेल्या एका ट्रकच्या मागच्या चाकाचा हब पोलादपूरच्या गॅरेजमध्ये भंगारात पडला होता, तो त्यानं उचलला. बेअरिंग चांगली होती. खाली लोखंडी खांब, वर तिरका हब. मी त्याला एकच गोष्ट सांगितली होती, आपल्या गावाचा अक्षांश जेवढा, तेवढे अंश कणा जमिनीपासून वर पाहिजे. शशीनं मोबाईलवर गाव काढलं, तिथे दोन आकडे होते, अक्षांश अठरा आणि रेखांश त्र्याहत्तर. गड्यानं त्र्याहत्तर घेतला!

आणला तेव्हा मी डोक्याला हात लावला. सर मात्र खांबावरून हात फिरवत फिरवत गेले आणि थबकले. "शशी, कोन कुठून मोजलास?"

"खांबापासनं, सर. जमीन कुटं सरळ असते?"

सर खाली बसून हसायला लागले. खांबापासून मोजायचं तर नव्वदातून अठरा गेले, बहात्तर पाहिजे होते. शशीनं चुकीचा आकडा चुकीच्या बाजूनं मोजला आणि एका अंशावर आणून ठेवला! "शशी, एकच चूक केली असतीस तर नापास झाला असतास," सर म्हणाले. "दोन केल्यास म्हणून पास."

पास कसला! तोफ त्या माउंटनं पेलली, पण मोटरच्या दातेरी चाकांना ट्रकची सवय, ताऱ्यांची नाही. पहिला फोटो भाऊच्या घरी कॉम्प्युटरवर उघडला. भाऊनं चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"ह्ये तारे हायेत? मना वाटला, भातावरच्या अळ्या!"

शशीनं तो फोटो पुसू दिला नाही. चार महिने गेले होते त्याच्यात. ते चार महिने परत मिळणारे नव्हते, हे सगळ्यात जास्त त्यालाच लागलं.

•

मग मुंबईच्या एका दुकानाला फोन. पैशाचं मी सांगत बसत नाही. सरांचे विद्यार्थी दुबईपासून सुरतेपर्यंत आहेत, त्यांनी ते मनावर घेतलं.

दुकानातला मुलगा मोठा सज्जन, पण प्रत्येक फोनवर एकच सल्ला द्यायचा. "सर, इतना भारी माउंट क्यों? ट्यूब हलका ले लो ना!" आणि त्याचं चूक नव्हतं. शहाण्या माणसानं छोटी दुर्बीण घेतली असती, छोटा माउंट घेतला असता, आठवड्यात फोटो काढले असते. सर स्वतःच म्हणाले, "नळी कापा. पातळ पत्र्याची करा."

शशी उठून शेडबाहेर गेला. मी मागे गेलो तर ग्राइंडर हातात घेऊन उभा, आणि डोळे भरलेले. "नंदूशेठ, पातळ करून बगितली मी. काच नऊ किलोची हाय, नळी वाकते. आणि नसती वाकली तरी मी नाय कापणार."

तोफ तोफच राहणार हे ठरलं. तिला पेलणारे माउंट तीनच निघाले. एक इतका महाग की आम्ही त्याचं नाव घेणं सोडून दिलं. दुसरा यायला आठ महिने. तिसरा सगळ्या बाजूंनी योग्य! ऑर्डर देणार, तेवढ्यात मला तळटीप दिसली. या माउंटचा कणा वीस अंशांच्या खाली वाकतच नाही. थंड देशातली यंत्रं ती. तिथे ध्रुवतारा उंच. आपल्याकडे तो क्षितिजाला टेकायच्या बेतात.

"म्हंजे काय करायचा?" भाऊनं विचारलं.

"दोन अंश कमी पडतात. दोन अंश उत्तरेला असतो तर चाललं असतं."

"दोन अंश म्हंजे कुटं?"

मी मोबाईलवर बघितलं. "नाशिक."

भाऊ बोलला तेव्हा अगदी गंभीर होता. "नाशकाला माज्या मेव्हणीची जमीन हाय. इचारू का?"

•

शेवटी शशी म्हणाला, माउंट वाकत नसेल तर जमीन वाकवू. माउंटच्या खाली बसवायला त्यानं एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ अशी लोखंडी तबकडी केली, दोन अंशांची पाचर. या वेळी मोबाईल नाही, सरांनी दिलेला कंपासपेटीतला कोनमापक.

सरांनी ती मांडीवर घेतली. डोळ्यांपाशी नेलीच नाही. दोन्ही अंगठे कडेवरून फिरवले, एकदा, दोनदा. "दोन नाही, अडीच आहे."

शशी रडकुंडीला आला. "सर, मापलाय मी!"

मी लेव्हल लावून तपासलं. अडीचच होते. दोन वर्षं काच घासलेले हात ते. "असू दे," सर म्हणाले. "कमी केलं नाहीस ना? जास्तीचं बोल्टनं काढता येतं."

•

माउंट निघाला तो ऐन पावसात. चार खोके, एका ट्रान्सपोर्टच्या ट्रकमध्ये. आम्ही पोलादपूरच्या फाट्यावर छत्र्या घेऊन उभे. ट्रक आला आणि समोरून गेला! ड्रायव्हरच्या कागदावर खेड लिहिलेलं. भाऊनं मोटरसायकल काढली, कशेडीपर्यंत पाठलाग केला, पण त्या धो धो पावसात ट्रक काही सापडला नाही. दुसऱ्या दिवशी घाटात दरड आली आणि आमचा माउंट डोंगराच्या पलीकडे अडकून पडला.

रस्ता सुरू व्हायला दिवस लागले, खोके शोधायला त्याहून जास्त. आकाश तर तसंही दिवाळीपर्यंत उघडणार नव्हतं. पण मला मात्र रोज वाटायचं, तिकडे खोके पडलेत आणि इकडे सरांचा एक एक दिवस जातोय.

त्याच पावसात सर माणसं ओळखेनासे झाले. चेहऱ्यावरून नाही ओळखायचे, आवाजावरून ओळखायचे. एकदा दुकानात शशी मुद्दाम न बोलता स्टुलावर बसून राहिला. कशाला केलं असं, त्यालाच ठाऊक. बहुतेक त्याला खरं काय ते बघायचं होतं. सर आत आले, माझ्याशी बोलले, पाणी प्यायले. शशीच्या अंगावरून दोनदा नजर गेली आणि थांबली नाही.

जाताना दारात वळून सर म्हणाले, "शशी, अंघोळ करून येत जा. वेल्डिंगचा वास लपत नाही."

सर गेल्यावर आम्ही हसलो. मग शशीनं तोंडावर रुमाल धरला, आणि मी गिऱ्हाईक नसताना उगीच काउंटर पुसत राहिलो.

•

माउंट बसला भाऊच्या घरामागच्या माळावर. उत्तरेचा डोंगर तिथे जरा खाली येतो, ध्रुव दिसतो. खांबाचं काँक्रीट भाऊनं ओतलं, पाचर शशीनं बसवली, मोटर आणि कॅमेऱ्याचं मी बघितलं. पहिल्या चाचणीत तारे ठिपक्यासारखे आले. मोहरीएवढे, गोल! भाऊनं मला उचललंच.

आता सरांसाठी पहिला फोटो कशाचा? भाऊच्या ओटीवर बैठक बसली. सरांनी शाळेतून बक्षीस म्हणून भाऊच्या पोरीला दिलेलं आकाशाच्या रंगीत फोटोंचं पुस्तक मध्ये उघडं. मी म्हणालो, मृगातला मोठा तेजोमेघ. सोपा आणि ठसठशीत. शशी म्हणाला, देवयानीतली दीर्घिका, सरांची आवडती. भाऊ म्हणाला, चंद्रच काढा, सगळ्यांना कळतो. आवाज चढले.

वहिनी, म्हणजे भाऊची बायको, कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. या सगळ्या उद्योगात तिनं आजवर एक शब्द काढला नव्हता. फक्त चहा दिला होता, शेकडो कप. ती म्हणाली, "भावजी, सरांना आता दिसतं कसं?"

मी सांगितलं. कडेकडेचं दिसतं. बरोबर मध्ये काळा डाग असतो, बघतील तिथे तो पुढे येतो. आणि त्यांना सगळ्यात जास्त जाच त्याचाच होतो, कारण तो दुसऱ्या कोणाला दाखवता येत नाही.

वहिनीनं सूप बाजूला ठेवलं. हात पदराला पुसले. पुस्तक ओढून घेतलं आणि पानं उलटायला लागली. शेवटून तिसऱ्या पानावर थांबली, बोट ठेवलं. "ह्याचा काढा."

शशीनं वाकून बघितलं. मृगाच्या बाणातल्या खालच्या ताऱ्याजवळ लाल प्रकाशाचा पडदा आहे आणि त्याच्यापुढे काळा ढग उभा आहे, घोड्याच्या तोंडासारखा. तो फोटो.

"वहिनी, सगळ्यात अवघड हाय तो! तास तास लागतील."

"मग येवडा माउंट कशाला आनलाय?" वहिनी म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

सहा रात्री लागल्या. दोन दवानं खाल्ल्या, एक ढगांनी. उरलेल्या तिन्हींचे फोटो एकावर एक रचून मी तो तयार केला आणि एका रविवारी दुपारी सरांना भाऊकडे आणलं. टीव्हीसमोर दोन हातांच्या अंतरावर खुर्ची ठेवली. कशाचा फोटो आहे ते कोणी सांगायचं नाही, असं वहिनीनं आम्हाला दटावलं होतं.

मी फोटो लावला. सर पुढे वाकले. गुडघ्यांवर हात, हालचाल नाही. पंखा फिरत होता. शशी भिंतीला टेकून उभा.

"कडेनं लाल आहे," सर म्हणाले.

"हो सर."

"तारे गोल आलेत." मग अगदी हळू, स्वतःशीच बोलावं तसं, "मध्ये काळं आहे."

भाऊ खाली बघत होता. दारातून वहिनी म्हणाली, "काळाच हाय, सर. आमाला पन काळाच दिसतो."

सर त्या आवाजाकडे वळले. "सगळ्यांना?"

"सगळ्यांना," शशी म्हणाला.

सर पुन्हा टीव्हीकडे वळले. हात लांब करून त्यांनी काचेवर बरोबर त्या काळ्या जागेवर बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं.

"नंदू," ते म्हणाले, "इतक्यात बंद करू नकोस."